साळवेसाहेबांचे चिंचोके

साळवेसाहेबांचं टेबल दारात होतं. दाराजवळ नव्हे, दाराशेजारी नव्हे, दारात. दोन पाय आत, दोन पाय व्हरांड्यात, आणि साहेब मधोमध उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसलेले. डाव्या अंगाला एक फट होती. ऑफिसात यायचं असलं की पोट आत ओढायचं, तिरकं व्हायचं आणि भिंतीला घासत त्या फटीतून सरकायचं. मी त्या ऑफिसात टायपिस्ट. माझे पदर त्या टेबलाच्या खिळ्यात इतके अडकले, की घरी आई म्हणायची, तू नोकरीला जातेस की बोरं तोडायला?

ऑफिस जालन्यात होतं. जालना तेव्हा जिल्हा झालेला नव्हता, पण गावाचा तोरा जिल्ह्याचाच होता. बाहत्तरचा दुष्काळ होऊन गेला आणि सरकारला एकदम डोंगर, माती, झाडं यांची आठवण झाली. सगळ्या खोऱ्याचा मिळून एक आराखडा करायचा, कुठं पाणी अडवायचं, कुठं झाडं लावायची, कुठं गुरं चारणं बंद करायचं ते ठरवायचं, म्हणून हे ऑफिस काढलेलं. माणसं चार. मोठे साहेब, साळवेसाहेब, मी आणि शिपाई रहीमचाचा. उरलेल्या जागेत नकाशांच्या गुंडाळ्या आणि पाली.

साळवेसाहेब म्हणजे निवृत्ती साळवे. अंबडच्या पुढं, कुंभार पिंपळगावच्या वाटेवर एक छोटंसं गाव आहे, तिथले. बाप लवकर गेला. आईनं, गयाबाईनं, लोकांच्या रानात खुरपून पोराला शिकवलं, आणि पोरगा औरंगाबादला जाऊन संख्याशास्त्र शिकून साहेब होऊन आला. अंगानं काटकुळे, खिशाला तीन पेनं, आणि सकाळी "जय भीम विमलबाई, जय भीम चाचा" म्हणत यायचे तेव्हाच डोळ्यांत आज काहीतरी ठरवायचंय अशी चमक असायची.

ठरवणं हाच त्यांचा धंदा होता. पहिल्याच दिवशी मला समोर बसवून शिकवायला लागले. "हे बघा बाई, काहीबी ठरवायचं म्हणलं की समोर चार वाटा असतात. आधी आपल्याला काय काय पाहिजे ते लिहायचं. ते रकाने. मंग कशाला किती किंमत, तो भार. मंग एकेका वाटेला गुण द्यायचे. गुणिले करा, बेरीज करा. जी वाट वर आली ती आपली. मनाचा काही संबंधच न्हाई. मन म्हंजे नुसता गोंधळ."

"आणि उत्तर पटलं नाही तर?"

"पटायला ते काय भाषण आहे का? गणित आहे, बाई. गणित निघालं की तसं वागायचं."

आणि बाबा वागायचा! टेबल कुठं ठेवायचं याचाही त्यांनी तक्ता केला. उजेड, वारा, पाण्याचा माठ, येणाऱ्याजाणाऱ्यांना सापडणं आणि मोठ्या साहेबांपासून अंतर, असे रकाने. गुण दिले, बेरीज केली, उत्तर आलं दार. दुसरा कुणी असता तर हसून कागद फाडला असता. साहेबांनी रहीमचाचाला हाक मारली आणि म्हणाले, "चाचा, धरा त्या टोकाला."

मोठे साहेब देहानंही मोठे होते. बरेच दिवस ते आमच्याआधी येऊन बसायचे आणि आम्ही गेल्यावर जायचे, म्हणजे त्यांना सरकताना कुणी बघायला नको. एक दिवस औरंगाबादहून तातडीचा फोन आला, गडबडीत निघाले आणि फटीत रुतले. रुतले म्हणजे पुढं न्हाई की मागं न्हाई. आतून रहीमचाचा आणि मी ढकलतोय, बाहेरून साळवेसाहेब हात धरून ओढतायत आणि तोंडानं सूचना चालू, "श्वास सोडा साहेब, बिलकुल सोडा. आणखी सोडा." माणूस किती सोडणार? शेवटी सदऱ्याची दोन बटणं गेली, बाही फाटली आणि मोठे साहेब व्हरांड्यात जाऊन पडले.

मला वाटलं, आता बाईसाहेब, दुसरी नोकरी बघा. मोठे साहेब काहीबाही बोलून निघून गेले. साळवेसाहेबांनी तक्ता समोर ओढला आणि एकेक रकाना पुन्हा बघितला. मग म्हणाले, "विमलबाई, एक रकाना राहून गेला."

"कोणता?"

"बाकीची माणसं."

नवा रकाना घातला, बेरीज पुन्हा केली, आणि टेबल खिडकीखाली गेलं. चाचा म्हणाले, "ये हिसाब मैं बिना कागद के बता देता." पण ते हळू म्हणाले.

असं सगळ्यातच. अंबडला जायचं तर जालन्याच्या स्टँडवर दोन एसट्या लागलेल्या असायच्या. आपण काय करतो? पहिली दिसली तिच्यात रुमाल टाकतो. साहेब फलाटावर उभे राहून एका गाडीचे टायर बघणार, दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचा चेहरा बघणार, ऊन कुठल्या बाजूनं लागेल त्याचा अंदाज घेणार, आणि बेरीज होईपर्यंत दोन्ही गाड्या निघून गेलेल्या. एकदा आम्ही तिघं सरकीच्या ट्रकमध्ये बसून गेलो. मी इतकी चिडले होते की अंबडपर्यंत बोलले नाही. उतरल्यावर माझ्या केसातली सरकी बघून साहेब अगदी गंभीरपणे म्हणाले, "जल्दी हाही एक रकाना पाहिजे होता, बाई. तुमचं बराबर आहे." आता अशा माणसावर किती वेळ चिडणार?

लग्नही त्यांनी असंच केलं. ही गोष्ट मला कौसल्यावहिनींनी स्वतः सांगितली, नाहीतर मी विश्वास ठेवला नसता. वहिनी वाटूरजवळच्या एका शाळेत मास्तरीण होत्या. साहेबांना तीन स्थळं आलेली. तक्ता झाला, वहिनी पहिल्या आल्या. साहेब त्यांच्या घरी गेले, चहा घेतला आणि कपबशी खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही पहिल्या आलात."

वहिनी उठून आत गेल्या नाहीत की लाजल्या नाहीत. म्हणाल्या, "कशात?"

साहेबांनी तक्ता काढून दाखवला. वहिनींनी तो सगळा वाचला. स्वयंपाकाला किती, शिक्षणाला किती, सगळं. मग म्हणाल्या, "मलाबी तीन स्थळं आल्ती. त्यात तुमचा नंबर कितवा, हे इचारलं का तुम्ही?"

दुसऱ्या कुणाला राग आला असता. साहेबांचा चेहरा उजळला. खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले, "काढूनच बघू. रकाने सांगा!" वहिनींचे वडील, मामा, शेजारी असे सगळे बसलेले, आणि हे दोघं मधे कागद ठेवून बेरजा करून राह्यलेत. साहेब तिसरे आले. तिघांत तिसरे. पुन्हा बेरीज केली, पुन्हा तिसरेच. साहेब म्हणाले, "गणित बराबर आहे. तुम्ही पहिल्या आलेल्या त्या बँकवाल्याला हो म्हणा. फार चांगलं स्थळ आहे." आणि नमस्कार करून चपला शोधायला लागले.

"मंग?" मी वहिनींना विचारलं.

"मंग काय. मी बाबांना म्हणलं, हाच. स्वतः नापास झालेला माणूस इतक्या खुशीत पेपर तपासतोय, असं मी शाळेतबी बघितलं न्हवतं. त्याला माझ्याकडं रकानाच न्हवता."

अशा माणसाची थट्टा करायला मला कारण शोधावं लागत नसे. पण एक विषय निघाला की माझी जीभ आपोआप आवरायची. तो म्हणजे बोडखा.

बोडखा हा साहेबांच्या गावाजवळचा डोंगर. त्याच्या पायथ्याशी तीन गावं आहेत, वरवाडी, मधलं गाव आणि खालवाडी. खालवाडी साहेबांची. त्यांच्या लहानपणी डोंगराला नाव वेगळं होतं म्हणे, आणि गवत एवढं असायचं की आत शेळी हरवायची. मग शेळ्या वाढल्या, चुली वाढल्या, दुष्काळात होतं नव्हतं ते ओरबाडलं गेलं आणि डोंगराचा बोडखा झाला. गयामाय, म्हणजे साहेबांची आई, अजून रोज त्याच डोंगरावर सरपणाला जायची. दरवर्षी काटक्यांसाठी आणखी थोडं वर. साहेबांनी तिला जालन्याला बोलावलं, ती आली नाही. स्टो घेऊन दिला, तर म्हणाली, "भडकून मरायचं असंल तर मी हिरीत उडी टाकीन, फुकटात." साहेब मला एकदा म्हणाले होते, "बाई, माझं सगळं शिक्षण त्या डोंगराच्या काटक्यांवर शिजलंय. माझ्या मायच्या देखत त्याच्यावर गवत उगवलं पाहिजे. बस्स." तेव्हा त्यांच्या तोंडावर हिशेबाचं काही नव्हतं.

तर आराखड्यात बोडख्याचा नंबर आला. मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं, दिवाळीच्या आत तिन्ही गावांनी एकच ठराव केला तर पैसा इथं, नाही तर दुसऱ्या खोऱ्यात. एकदा गेला की या डोंगराला पुन्हा कुणी विचारणार नाही.

साहेबांना तर असंच काहीतरी पाहिजे होतं. वाटा चार काढल्या. एक, डोंगर पूर्ण बंद. दोन, अर्धा बंद, अर्धा खुला, आणि गवत धरलं की पाळी बदलायची. तीन, नुसते बांध घालायचे. चार, आहे तसा राहू द्यायचा. रकाने पाच. चारा, सरपण, पाणी, माती, आणि पाचवा, गावातली शांतता. हा पाचवा मोठे साहेब दारात रुतले त्याची आठवण म्हणून. बाकीची माणसं या वेळी राहून जायला नकोत, असं साहेबांनी मला दोनदा बजावलं.

गुण साहेब देणार, पण कशाला किती महत्त्व हे गावांनी सांगायचं. तो डोंगर त्यांचा. सगळ्यांना लिहिता येत नाही, म्हणून साहेबांनी पोतंभर चिंचोके घेतले. पाच टोपल्या मांडायच्या, माणसाला ओंजळभर चिंचोके द्यायचे आणि म्हणायचं, ज्याची किंमत जास्त त्या टोपलीत जास्त टाका. पोतं रहीमचाचांच्या डोक्यावर. वरवाडीला पोचेपर्यंत ते पुटपुटत होते की भाजून दिले असते तर निदान रस्त्यात खाता तरी आले असते.

वरवाडीचे सरपंच आप्पा. मोठी शेतीवाडी, मोठ्या मिशा. गयामायनं आयुष्यभर त्यांच्या रानात खुरपलेलं. चारचौघांत ते साहेबांना साहेब म्हणत, आणि बाजूला घेतलं की "निवरती, आपलं ते हिरीचं बघ." आप्पा पहिले उठले. धोतराचा सोगा सावरला, ओंजळ घेतली, वाकले आणि पहिल्या टोपलीत थोडे टाकले, दुसरीत तेवढेच, तिसरीत तेवढेच, चौथीत, पाचवीत. हातात दोन उरले ते जिथं कमी दिसले त्या टोपलीत सोडले आणि समाधानानं जाऊन बसले. त्यांच्यामागून बाकीचे. सगळे वाकून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं. मधे एक म्हातारी ओरडली, "अगं, मातीला कमी पडलं, तिकडं टाक!"

मधल्या गावातही तेच. खालवाडीतही तेच. स्वतः गयामायनं सगळ्या टोपल्यांत सारखे टाकले आणि वर पाचही टोपल्या हलवून चिंचोके सपाट केले.

जालन्याला येऊन हिशेब झाला. मी टाईप केला. सगळ्या रकान्यांना सारखाच भार, आणि पहिली आलेली वाट चौथी. आहे तसा राहू द्यायचा. आता काही केलंच नाही तर भांडण कशाला होईल? शांततेत तिला पैकीच्या पैकी, आणि त्या जोरावर ती सगळ्यांच्या वर. चार महिने पायपीट करून आमच्या गणितानं सांगितलं, घरी बसा.

मोठे साहेब खो खो हसले. मग म्हणाले, "साळवे, एवढं तोंड पाडू नका. दोन आकडे इकडचे तिकडं करा. गावात कोण बघतंय?"

साळवेसाहेब म्हणाले, "साहेब, आकडे फिरवायचे असते तर मी इतके दिवस दारात कशाला बसलो असतो?"

मला त्या क्षणी त्या माणसाचा इतका अभिमान वाटला आणि इतका राग आला, की मी उगाच जाऊन माठ भरला. दिवाळी तोंडावर आलेली. आणि हा बाबा खरंच गणित मानून डोंगर सोडून देणार, हे मला ठाऊक होतं. दारात बसलेला माणूस तो!

रविवारी ते खालवाडीला निघाले. वहिनी होत्या, आणि मला राहवेना म्हणून मीही गेले. गयामाय चुलीपुढं बसलेली. साहेबांनी विचारलं, "माय, तू सरपणासाठी रोज मरती. मंग सरपणाच्या टोपलीत जास्त का न्हाई टाकले?"

गयामायनं तवा उतरवला. "आरं, पाच जण पंगतीला बसवले तू. एकाला जास्ती वाढू, एकाला कमी? लोकांनी काय म्हणलं असतं, गयाबाईचा हात आखडता हाय?"

"पंगत न्हवती ती, माय!"

"टोपल्या वळीनं मांडल्या. माणसं वाकून वाढून राह्यली. मंग काय लगीन होतं?"

साहेबांनी डोकं धरलं. मला हसू आवरेना. तिन्ही गावांनी आम्हाला काय महत्त्वाचं ते सांगितलंच नव्हतं. त्यांनी चाऱ्याला, पाण्याला, मातीला जेवायला वाढलं होतं.

वहिनी भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "वाढायला सांगितलं की कुणी हात आखडत न्हाई. ताट उचलायला लावा. मंग बघा कोण कुठलं धरून बसतं."

साहेब तसेच ताटावरून उठले. "पुन्हा सांग," म्हणाले. वहिनींनी पुन्हा सांगितलं. ते उष्ट्या हातानंच उभे होते, आणि गयामाय म्हणत होती, "आधी जेव, मंग येडा हो."

पुढच्या आठवड्यात तिन्ही गावं मधल्या गावच्या शाळेपुढं बोलावली. पाचही टोपल्या काठोकाठ भरून ठेवल्या. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "या टोपल्या तुमच्या. पण सगळ्या ठेवता येणार न्हाईत. एकेक उचलून न्यायचीय. आधी कोणती नेऊ ते तुम्ही सांगा." आणि रहीमचाचांना म्हणाले, "चाचा, तुम्ही सरकार. उचला."

चाचांना सरकार व्हायला फार आवडलं. टोपी नीट केली, छाती काढली आणि चाऱ्याच्या टोपलीला हात घातला. सखाराम मेंढपाळ एकदम पुढं आला आणि टोपलीला मिठी मारून बसला. "माझ्या मेंढ्या काय चिंचोके खातील?" चाचा पाण्याकडं वळले, तर आप्पा सरपंच मिशांसकट जाऊन टोपलीवर बसले. आप्पांच्या वजनानं टोपली चपटी झाली, पण ते उठेनात. सरपणाकडं तर चाचांना जाताच आलं नाही. तिन्ही गावच्या बाया टोपलीभोवती कडं करून उभ्या होत्या आणि पुढं गयामाय, कमरेला विळा. चाचा म्हणाले, "साहब, सरकार को मार पड़ेगी."

मातीच्या टोपलीपुढं दोन भावांची जुंपली. एक म्हणे नेऊ द्या, दुसरा म्हणे तुझं रान सपाटीला, माझं उताराला, तुझ्या बापाचं काय जातंय. बाप एकच, तरी म्हणाला. ह्याची त्याला कोपरं लागली, त्याची ह्याला, कुणीतरी कुणाचा पटका उडवला, आणि त्या गदारोळात चाचांनी जीव वाचवायला म्हणून शेवटच्या टोपलीवर हात ठेवला. "ये ले जाऊं? शांतता?"

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं.

"ने, ने! जल्दी ने!" चारी बाजूंनी ओरडा झाला. आप्पा पाण्यावर बसल्याबसल्या म्हणाले, "शांतता घेऊन जा, साहेब. तशीबी हितं कुणी वापरत न्हाई."

चाचांनी टोपली उचलली आणि भांडण पुन्हा होतं तिथून सुरू झालं. साहेब कागद घेऊन मधे उभे, कुणी काय किती वेळ धरलं ते टिपतायत, धक्के खातायत, आणि चेहरा असा की पोरगं झाल्याची बातमी कळावी. माती तासाभरानं सुटली, तीही रडतकढत. पाणी, चारा आणि सरपण कुणी सोडलंच नाही.

साहेबांनी शाळेच्या ओट्यावर बसूनच बेरीज केली. दुसरी वाट वर आली. अर्धा डोंगर बंद, अर्धा खुला, आणि मग पाळी बदलायची. मला नाचावंसं वाटलं. पण आप्पांनी मिशीवरून हात फिरवत विचारलं, "आधी कोन्ती बाजू बंद?" मागून कुणीतरी म्हणालं, "सायबाची माय खालवाडीची. बघा आता, आमचीच बाजू बंद होनार." सगळी डोकी साहेबांकडं वळली. ठराव आता या एका उत्तरावर अडला होता, हे तिथल्या पोरासोरांनाही कळत होतं.

साहेबांनी पुन्हा तक्ता मांडला. कुठं उतार जास्त, कुठं माती जास्त वाहून जाते, कुठं मुळं अजून जिवंत आहेत. बेरीज केली. मग दुसऱ्यांदा केली. 

"खालवाडीची बाजू आधी बंद," ते म्हणाले.

आप्पा पाण्याच्या टोपलीवरून उठले आणि म्हणाले, "आना अंगठ्याची शाई." त्या दिवशी तिन्ही गावांचा ठराव झाला, दिवाळीच्या आत झाला. लोक चिंचोके वाटून घेत होते. गयामाय साहेबांसमोर येऊन उभी राहिली, त्यांच्या तोंडाकडं बघितलं, आणि एक शब्द न बोलता घरी निघून गेली.

त्यानंतर ती लेकाशी बोललीच नाही. साहेब घरी गेले की ताट वाढायची, पण बोलणार वहिनींशी. साहेब हातभर अंतरावर बसलेले आणि ही म्हणणार, "कौसल्ये, त्या सायबाला इचार, कोरड्यास पायजे का. न्हाईतर त्याचाबी तक्ता कराय सांग." सरपणाला तिला आता डोंगराला वळसा घालून पलीकडच्या बाजूला जावं लागे. एकदा आम्ही जीपमधून जाताना ती लांबून मोळी घेऊन येताना दिसली. साहेबांनी जीप थांबवली, पण ती रानातून आडवी निघून गेली. साहेब परत येऊन जीपमध्ये बसले. मी म्हणाले, "साहेब, थोडं इकडंतिकडं करून दुसरी बाजू काढता आली असती ना?" ते म्हणाले, "आली असती, बाई. म्हणूनच दोनदा बेरीज केली."

पण एक गंमत झाली. सरकारनं डोंगराला राखणदार दिला नव्हता. त्याची गरजच पडली नाही. गयामायचं म्हणणं एकच, "माझं सरपण बंद हाय, मंग तुझी शेळी वर कशी?" सकाळी, दुपारी, ती हद्दीवर हजर. शेळी दिसली की दगड, शेळीवाला दिसला की शिव्या. आप्पांची म्हैस एकदा आत शिरली, तर तिनं म्हैस हाकत आप्पांच्या दारात नेऊन बांधली आणि आप्पांना चारचौघांत ऐकवलं. आप्पा साहेबांकडं तक्रार घेऊन आले होते. साहेब म्हणाले, "माझ्याशी बोलत न्हाई ती. तुमच्याशी बोलली, तुमचं नशीब." इतका कडक बंद डोंगर सगळ्या खोऱ्यात दुसरा नव्हता.

मी साहेबांना शेवटचं बघितलं ते त्याच डोंगरावर. दोन पावसाळे होऊन गेले होते. आमचं ऑफिस बंद व्हायच्या बेतात होतं, मला परतूरला दुसरी नोकरी लागली होती, आणि बोडख्याची बंद बाजू कापणीसाठी खुली करायची म्हणून साहेबांनी मला आणि चाचांना मुद्दाम बोलावलं होतं.

गवत कमरेइतकं होतं. मी हात लावून बघितलं, कारण खरं वाटेना. तरवडाची झुडपं दाटलेली. बायका विळे घेऊन रांगेनं आत शिरल्या आणि सगळ्यांत पुढं गयामाय. साहेब हद्दीच्या दगडापाशी उभे होते. आत जायला धजत नव्हते. बाकी सगळे गेले, हेच उभे, आपल्याच डोंगराच्या बाहेर.

उन्हं चढल्यावर गयामाय खाली आली. डोक्यावर तरवडाच्या वाळक्या काटक्यांची ही एवढी मोळी. ती सरळ साहेबांपुढं येऊन थांबली. मी आणि वहिनी वर गवतात उभ्या राहून बघत होतो. म्हातारीनं लेकाकडं वरून खाली बघितलं, तिन्ही पेनांसकट.

"धर," ती म्हणाली.

साहेब वाकले. तिनं मोळी त्यांच्या डोक्यावर ठेवली, नीट केली आणि पाठीत एक धपाटा घातला. "मान ताठ ठेव. चल."

ते निघाले आणि मागून तिचं तोंड जे सुरू झालं! दोन वर्षांचं साठलेलं होतं ना. स्टोवरून बोलली, वळसा घालून पाय गेले त्यावरून बोलली, आप्पांच्या म्हशीवरून बोलली, बायको बघायला जाताना कागद नेतं का कुणी म्हणाली. मी वरून ओरडले, "साहेब, डोंगराला किती गुण?" त्यांना वळता येत नव्हतं, डोक्यावर मोळी होती. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या, विमलबाई. रडून राह्यलेत ते."

ती दोघं वाटेच्या वळणाला पोचली तरी गयामायचा आवाज स्पष्ट येत होता.

"आन् टेबल! टेबल कुनी दारात मांडतं का, येड्या? माणसांनी जावं कुठून?"

आणि मोळीखालून साहेबांचा आवाज आला, "चुकलं, माय. एक रकाना राहून गेल्ता."